सुरमई तव्याला चिकटते, रवा गळतो? या चुका टाळा

तुकडी तव्यावर पडली रे पडली की खाली उलथनं खुपसायची सवय असेल तर आधी ती सोडा, बहुतेकांची सुरमई तिथेच फाटते. लग्नानंतर मी पहिल्यांदा मासे तळले तेव्हा हेच केलं, चार तुकड्या टाकल्या आणि ताटात आला तो नुसता चुरा, मधला काटा तेवढा अख्खा! सासूबाई काही बोलल्या नाहीत, वरून कांदा-कोथिंबीर घालून त्याची भुर्जी करून मोकळ्या झाल्या.

होतं काय, की कच्चा मासा तापल्या लोखंडाला आधी चिकटतोच, खालची बाजू कुरकुरीत झाली की तो आपला आपण सुटतो. म्हणून तवा नीट तापवा, तेल घाला, तुकडी ठेवा आणि मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं हात लावू नका. मग तवा जरा हलवून बघा, तुकडी सरकली तर उलटा, नाही सरकली तर अजून मिनिटभर थांबा. आणि उलटायची एकदाच हं.

पण खरा व्हिलन आहे पाणी. धुतलेल्या तुकडीचं पाणी, मिठाने सुटलेलं पाणी, वर कोकमाचं आगळ (खारवलेला घट्ट रस), वर मिक्सरला पाणी घालून केलेलं पातळ वाटण, आणि आपण हे सगळं तसंच रव्यात घोळवतो. पाणी आहे तोवर ती बाजू 100 डिग्रीच्या वर जातच नाही, म्हणजे मासा तळला जात नाही, वाफेवर शिजतो. तुकडी धुऊन स्वच्छ पंचाने पुसा, मीठ-हळद-आगळ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी ओतून टाका, मगच वाटण, तेही घट्ट. लिंबू पिळून दोन-तीन तास ठेवणारे महाभाग पण आहेत, त्या आंबटाने मासा बाहेरून पांढरा पडून भुसभुशीत होतो, मग तवा कितीही भारी असू दे.

जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून फ्रोझन आणलीत तर रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्या, गरम पाण्यात टाकू नका. ती जास्त पाणी सोडते, त्यामुळे दोनदा पुसा.

रवा लावून तुकड्या ताटात मांडून ठेवणं ही अजून एक चूक, दहा मिनिटांत रवा ओला होतो आणि तव्यावर सालीसारखा निघतो. बारीक रवा, थोडं तांदळाचं पीठ, आणि तव्यावर टाकायच्या क्षणी घोळवायचं, दाबून, जास्तीचा झटकून.

तव्यावर गर्दी नको, झाकण तर अजिबात नको. कापून घेतानाच कोळीणमावशींना अर्ध्या इंचाची तुकडी सांगा, त्याहून जाड असली की बाहेरचं तिखट जळतं आणि आत कच्चं राहतं. शंका आली तर मधल्या काट्याजवळ सुरीचं टोक घालून बघा, काचेसारखं दिसलं तर कच्चं, पांढरं होऊन काट्यापासून सुटतंय तर लगेच काढा. दुसरा घाणा टाकायच्या आधी तव्यातला जळका रवा पुसून ताजं तेल घाला, नाहीतर कडू लागतं.

काढल्यावर एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा. आणि उरलीच एखादी तर दुसऱ्या दिवशी तव्यावरच गरम करा, ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये केलीत तर रवा जातो तो जातोच, शेजारच्या टेबलवाले आठवडाभर बोलत नाहीत.