तप्त मिथेनचा रासायनिक समतोल मांडताना या चुका टाळा

मिथेन १ बार दाबाखाली १५०० केल्व्हिनपर्यंत तापवला, तर समतोलात, म्हणजे अभिक्रिया स्थिरावून प्रमाणे बदलेनाशी झाल्यावर, कोणता वायू किती उरेल, हा प्रश्न दिसायला सोपा आहे. उत्तर चुकते ते बहुधा आकडेमोडीत नव्हे, तर गणिताच्या मांडणीतच.

पहिली चूक २९८ केल्व्हिनच्या तक्त्याची आहे. मिथेनच्या दोन मोलांपासून अ‍ॅसिटिलीनचा एक आणि हायड्रोजनचे तीन मोल तयार होताना गिब्ज मुक्त ऊर्जेत (अभिक्रियेचा कल कोणत्या दिशेला आहे, ते दाखवणाऱ्या राशीत) होणारा बदल या तापमानाला सुमारे ३११ किलोज्यूल असतो. हाच आकडा कायम ठेवून सूत्रात तापमान तेवढे १५०० घातले, की समतोल स्थिरांकाला (समतोलात उत्पादिते मूळ वायूच्या तुलनेत किती, ते सांगणाऱ्या संख्येला) दशांश चिन्हानंतर दहा शून्ये लागतात. प्रत्यक्षात त्या तापमानाला हा बदल उणे ७ किलोज्यूलच्या आसपास असतो आणि स्थिरांक सुमारे १.७ येतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडून हीच चूक निराळ्या रूपात होते. तापमानानुसार वायूंचे ऊष्मागतिक गुणधर्म देणाऱ्या नासाच्या बहुपदींत प्रत्येक वायूसाठी सहगुणकांचे दोन संच असतात, सामान्यतः एक १००० केल्व्हिनच्या खाली आणि दुसरा वर वापरायचा. खालचा संच १५०० ला वापरला, तरी प्रोग्रॅम निमूटपणे उत्तर देतो. सहगुणक टंकताना चूक झाली असल्याची शंका आली, तर १००० केल्व्हिनला दोन्ही संचांची मूल्ये जुळतात का, ते पाहावे.

त्याहून मोठी चूक घटकांच्या यादीत असते, आणि माझ्या मते तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. यादीत मिथेन, अ‍ॅसिटिलीन आणि हायड्रोजन एवढेच वायू ठेवले, तर वरील स्थिरांकावरून मिश्रणात सुमारे २१ टक्के अ‍ॅसिटिलीन येते. त्याच यादीत ग्रॅफाइट, म्हणजे घन कार्बन, घातले, की अ‍ॅसिटिलीन दहा लाख भागांत जेमतेम १० भाग उरते आणि मिथेनही पाव टक्क्यावर येतो. बाकी जवळजवळ सगळा हायड्रोजन. दोन्ही गणिते आपापल्या जागी बरोबर आहेत, परंतु खरा समतोल ग्रॅफाइट धरलेल्या दुसऱ्या गणिताचाच. ग्रॅफाइट घन असल्यामुळे त्याला आंशिक दाब (मिश्रणाच्या एकूण दाबातील वाटा) नसतो, त्याची क्रियाशीलता (सूत्रात त्या दाबाच्या जागी येणारी संख्या) १ धरावी; त्याचे मोल वायूंच्या एकूण मोलांत मिळवणे ही आणखी एक नेहमीची चूक. तापमान ३००० केल्व्हिनच्या घरात असेल, तर सुटे हायड्रोजन अणूही यादीत हवेत, कारण १ बार दाबाला तेथे हायड्रोजनचे सुमारे ८ टक्के रेणू फुटलेले असतात.

मग अ‍ॅसिटिलीनचे कारखाने चालतात कसे? जर्मनीतील मार्ल येथे १९४० पासून हायड्रोकार्बन वायू इलेक्ट्रिक आर्कमधून नेऊन अ‍ॅसिटिलीन बनवले गेले. तेथे वायू काही मिलिसेकंदच तप्त ठेवून लगेच पाण्याच्या फवाऱ्याने थंड केला जाई, म्हणजे कार्बन सुटा होण्याआधीच अभिक्रिया थांबे. समतोलाचे गणित या वेळेबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून प्रयोगातले मोजमाप गणिताशी जुळले नाही, तर प्रथम वायू किती वेळ तप्त होता, ते तपासावे.

प्रोग्रॅम उत्तराकडे सरकतच नसेल, तर एखाद्या घटकाचे आरंभीचे प्रमाण शून्य दिले आहे का, ते पाहावे. शून्याचा लॉगरिथम निघत नाही, तेव्हा तेथे अत्यल्प धन संख्या द्यावी. उत्तर आल्यावर अणू मोजावेत: शुद्ध मिथेनपासून सुरुवात केली असेल, तर घन कार्बन धरून कार्बन व हायड्रोजन अणूंचे प्रमाण १:४ आलेच पाहिजे. प्रयोगात केवळ बाहेर पडणारे वायू मोजून हे प्रमाण काढले आणि कार्बन कमी भरला, तर तो नळीच्या भिंतीवरच्या काजळीत शोधावा.