विंडोजचा गेम लिनक्सवर उघडत नाही? आधी या चुका टाळा

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 ज्यांच्यावर चढत नाही अशा चांगल्या चालत्या लॅपटॉपवर अनेकांनी लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकलं. दोन-चार दिवस सगळं सुरळीत जातं, मग स्टीम (गेम विकत घेण्याचं आणि चालवण्याचं ॲप) उघडून आवडत्या गेमचं हिरवं बटण दाबलं जातं. बटणाचा रंग बदलतो, पाचेक सेकंद काहीच होत नाही आणि बटण परत हिरवं होतं. चूक काय झाली हे सांगणारी एक ओळही दिसत नाही.

इथून पुढे बहुतेक जण सगळंच एकदम बदलायला लागतात: प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा स्टीममधला भाग) बदल, ड्रायव्हर बदल, कुठल्या तरी व्हिडिओतल्या कमांड चिकटव, शेवटी डिस्ट्रोच, म्हणजे लिनक्सचा प्रकारच, बदल. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गेम आणि तुमचं मशीन यांच्यामध्ये बरेच थर आहेत, आणि अडतो तो बहुतेक वेळा त्यातला एकच. 1993 पासून चालत आलेला वाइन हा प्रकल्प विंडोजच्या हाका लिनक्सला समजतील अशा करतो. स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने 2018 मध्ये त्यावर प्रोटॉन बांधला. त्यातला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्स 11 आणि त्याआधीचे (डायरेक्टएक्स म्हणजे विंडोजची चित्र काढायची पद्धत) गेम व्हल्कनवर, म्हणजे लिनक्सलाही कळणाऱ्या तशाच पद्धतीवर, आणतो, तर डायरेक्टएक्स 12 साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन आहे. या सगळ्याच्या खाली तुमचा ग्राफिक्स ड्रायव्हर. कुठला थर अडला ते कळलं की निम्मं काम झालं.

पण त्याही आधी एक गोष्ट बघा, शंभर जीबी डाउनलोडला लावण्यापूर्वीच. गेममध्ये अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, आहे का? व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा अँटी-चीट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसतो, त्यामुळे तो गेम लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइटही नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन अँटी-चीटनी सप्टेंबर 2021 मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण ते वापरायचं की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर छान चालत होता. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस कंपनीने तो लिनक्सवर बंद केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीटीए 5 च्या ऑनलाइन भागात बॅटलआय आलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. एकट्याने खेळायची कथा मात्र चालू राहिली. अशा गेमवर रात्री घालवू नका. तुमच्या सेटिंगमध्ये काहीच चुकलेलं नसतं. आणि "हमखास चालतो" म्हणणाऱ्या जुगाडांनी खातं कायमचं बंद होऊ शकतं. प्रोटॉनडीबी आणि आर वी अँटी-चीट येट या दोन साइटवर गेमचं नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं.

अँटी-चीटचा प्रश्न नसेल तर आता ड्रायव्हर. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सावकाश. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर घ्या; कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून हाताने बसवू नका, पुढच्या कर्नल अपडेटला ती मोडण्याची शक्यता मोठी. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो. घाबरून तिथे 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर बसलेला असूनही लोड होत नाही. त्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर गेम भलत्याच चिपवर तर जात नाही ना, तेही पाहा. व्हल्कनइन्फो ही छोटी कमांड चालवा. यादीत तुमच्या कार्डाचं नाव नसेल आणि फक्त एलएलव्हीएमपाइप दिसत असेल, तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. अशा वेळी प्रोटॉन कितीही बदला, उपयोग नाही.

जुन्या मशीनची अडचण वेगळी. प्रोटॉन 8 पासून व्हल्कन 1.3 लागतं. जीफोर्सची 600 मालिका, 700 मालिकेतली बरीच कार्डं आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरमधली ग्राफिक्स तिथे पोचत नाहीत. गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे प्रोटॉन 7 किंवा 6.3 निवडा. नवं ते चांगलं हा नियम इथे लागू पडत नाही. डायरेक्टएक्स 12 चे गेम मात्र अशा चिपवर सोडून द्यावेत.

दुसरा मोठा खड्डा म्हणजे डी ड्राइव्ह. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेले लोक जागा वाचवायला विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या पार्टिशनवरचीच स्टीम लायब्ररी लिनक्समध्ये जोडतात. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कम्पॅटडेटा नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटं विंडोज उभं करतो आणि त्यात ड्राइव्हच्या नावाच्या, म्हणजे विसर्ग-चिन्हासारखा कोलन असलेल्या लिंका तयार करतो. विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही, त्यामुळे गेम उघडत नाही किंवा नंतर विंडोज डिस्क दुरुस्त करायला बसतं. भरीला विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सेटिंग चालू असेल तर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि ते पार्टिशन लिनक्सला फक्त वाचण्यापुरतं मिळतं. लिनक्सच्या ईएक्सटी4 पद्धतीचं वेगळं पार्टिशन करा आणि गेम तिथे ठेवा. जागेची कुरकुर मला कळते, पण हा त्रास पुन्हा पुन्हा उपटतो.

नवे गेम चालतात आणि फक्त जुने बंद पडतात? मग ड्रायव्हरच्या 32-बिट लायब्रऱ्या बहुधा बसवायच्या राहिल्यात. व्हिडिओच्या जागी रंगीत पट्टे दिसतात? जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची वेगळी आवृत्ती वापरून बघा. फ्लॅटपॅक (ॲप बंदिस्त ठेवणारी पद्धत) मधून बसवलेल्या स्टीमला दुसरी डिस्क दिसत नसेल तर फ्लॅटसील या ॲपमधून परवानगी द्या. आणि वाइन कधीही सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवू नका. फाइलींची मालकी रूटकडे (ॲडमिन खात्याकडे) जाते आणि पुढे काहीच नीट उघडत नाही.

काल चालणारा गेम आज अचानक बंद पडला, तर त्याचं कम्पॅटडेटा फोल्डर काढून टाकणं हा खरंच चांगला उपाय आहे. पण आधी त्या फोल्डरची प्रत काढून ठेवा. क्लाउडवर न जाणारे सेव्ह त्याच्याच आत, स्टीमयूजर नावाच्या फोल्डरमध्ये असतात. चाळीस तासांचा खेळ त्या एका डिलीटमध्ये जातो.

एवढं करूनही अडलात, तर प्रोटॉनचा लॉग चालू करा. त्यासाठी लाँच ऑप्शन्समध्ये टाकायची ओळ प्रोटॉनच्या गिटहब पानावर आहे. गेम पडला की होम फोल्डरमध्ये स्टीम नावाने सुरू होणारी फाइल तयार होते. मदत मागताना ती फाइल, कार्डाचं नाव, ड्रायव्हर आणि प्रोटॉनची आवृत्ती एकत्र द्या. नुसतं "गेम चालत नाही" एवढंच लिहिलं, तर समोरच्याला कितीही मनापासून मदत करायची असली तरी धरायला टोक सापडत नाही.