एकांकिकेतून कॅमेऱ्यासमोर: पहिला लघुपट कसा करावा

पुण्यातल्या कॉलेजांत अभिनयाची सुरुवात बहुधा ‘पुरुषोत्तम’ करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीत होते. भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय तिथे लागते, आणि ती सवय मोलाचीच आहे. पण क्लोजअपमध्ये तेवढाच जोर लावला की सगळं अंगावर येतं. हे सांगून पटत नाही. स्वतःचं फुटेज कापायला बसलं की पटतं. म्हणून पुढे अभिनयच करायचा असला, तरी आधी तीन मिनिटांचा एक लघुपट लेखनापासून संकलनापर्यंत स्वतः पुरा करा.

संहिता तीन पानांची ठेवा. साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट. दोन पात्रं, एक खोली, दिवसाची एकच वेळ. शनिवारवाड्याचा विचार सोडा, संरक्षित स्मारकात चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. पेठेतली मित्राची खोली बरी, मात्र रस्त्याच्या बाजूची नको. जागा बघायला चित्रीकरणाच्याच वेळी जा. सकाळी सातला शांत असलेली गल्ली अकराला हॉर्नने भरते, आणि खिडकीतलं ऊनही तोवर सरकलेलं असतं.

कॅमेरा म्हणून मोबाइल पुरतो. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर (एका चित्रावर किती वेळ उजेड पडतो) १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/६० वर गेलं की ट्यूबलाइटच्या किंवा स्वस्त एलईडीच्या उजेडात चित्र लुकलुकतं आणि संकलनात ते नीट निघत नाही. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात हे आकडे बदलता येत नसतील, तर ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे मोफत ॲप घ्या. फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा, नाहीतर पांढरा शर्ट घातलेलं पात्र फ्रेममध्ये शिरलं की मागची भिंत काळवंडते.

सगळ्यात जास्त काळजी आवाजाची घ्या. विद्यार्थ्यांचे लघुपट चित्रापेक्षा आवाजात जास्त पडतात. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मध्यावर, शक्यतो सुती कपड्याला लावा. सिंथेटिक ओढणी आणि गळ्यातली साखळी त्याला घासते आणि ती खसखस शब्दांवर बसते. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या वाक्यालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, तो पुन्हा सांधता येत नाही. पंखा आणि फ्रिज बंद करा, आणि फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आतच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचं राहणार नाही. पॅकअपपूर्वी सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहून ३० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. दोन कटांमधली पोकळी याच आवाजाने भरावी लागते. आवाज वेगळा घेत असाल तर प्रत्येक टेकला फ्रेममध्ये दिसेल अशी टाळी वाजवा, म्हणजे संकलनात चित्र आणि आवाज जुळवता येतात.

आता अभिनय. सहसा आधी मास्टर (सगळा प्रसंग एकाच मोठ्या चौकटीत), मग मिड (कंबरेपासून वर), मग क्लोजअप (फक्त चेहरा) घेतात. मास्टरमध्येच सगळं रडून झालं तर क्लोजअपला काही उरत नाही, राखून करा. आवाज फक्त समोरच्या माणसाला ऐकू जाईल एवढा ठेवा, पण पात्राची निकड तेवढीच तीव्र हवी. नाटकातली मुलं आवाज खाली आणताना ती निकडही खाली आणतात आणि प्रसंग झोपतो. समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघू नका, क्लोजअपमध्ये बुबुळं भिरभिरतात. लेन्सच्या जवळचा एकच डोळा धरा. मार्कसाठी, म्हणजे टेकमध्ये थांबायच्या ठरलेल्या जागेसाठी, जमिनीवर चिकटपट्टीचा ‘टी’ लावा, तिथून उलटं चालत पावलं मोजा आणि टेकमध्ये खाली न बघता तेवढीच पावलं टाका.

चहाचा कप कोणत्या शब्दावर उचलला, कोणत्या हाताने, चहा किती उरला होता, हे टिपायला एक माणूस नेमा, म्हणजे वेगवेगळे शॉट एकमेकांना जुळतात. हे काम तुम्हीच दुसऱ्याच्या लघुपटासाठी एकदा करा. नट म्हणून हालचाली पक्क्या करायला तेच लावतं. दोघांमध्ये एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेषा ओलांडली की दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात.

लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिनय अभ्यासक्रमाला पदवी लागते, पण तिथले छोटे अभ्यासक्रम आधीही करता येतात. त्याच रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयातले खेळ चुकवू नका. रंगभूमीचं रीतसर शिक्षण हवं असेल तर विद्यापीठात ललित कला केंद्र आहे.

ऑडिशनच्या व्हिडिओत साधी भिंत, नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल आणि मग प्रसंग, एवढं पुरे. मेकअप आणि पार्श्वसंगीत नको. मालिकेत संवाद बऱ्याचदा सेटवरच हातात पडतात, म्हणून रोज अनोळखी संहितेचं एक पान १५ मिनिटांत पाठ करायचा सराव ठेवा. आणि ऑडिशन, नोंदणी किंवा पोर्टफोलिओसाठी कोणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.