वॉलआय गळाला लागत नसेल तर या चुका टाळा

मिनेसोटा, मिशिगन, ओहायो किंवा ओंटारिओत स्थायिक झालेल्या आणि लहानपणी ओढ्यावर वा खाडीत गळ टाकलेल्या मराठी माणसाला वॉलआय हा मासा सुरुवातीला चांगलाच चकवतो. मिनेसोटाने १९६५ साली त्याला राज्याचा मासा ठरवले, त्याच्या पांढऱ्या, कमी काट्यांच्या मांसाची ख्याती सर्वत्र आहे, तलावातही तो मुबलक असतो. तरीही भर दुपारी टाकलेला गळ तासन्‌तास हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण डबा उघडून आमिष बदलू लागतात आणि तीच पहिली चूक ठरते. आधी वेळ, मग जागा, मग खोली आणि वेग, आणि सर्वांत शेवटी आमिषाचा रंग, या क्रमाने तपासणी केल्यास दोष लवकर सापडतो, असे माझे ठाम मत आहे.

उजेडाचा विचार न करणे

वॉलआयच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो आणि त्यामुळेच रात्री टॉर्चच्या झोतात त्याचे डोळे मांजराच्या डोळ्यांसारखे चमकतात. अंधुक उजेडात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा, विशेषतः पिवळ्या पर्चपेक्षा, अधिक चांगले दिसते. म्हणून तो पहाटे, तिन्हीसांजेला, रात्री आणि आभाळ भरून आलेले असताना उथळ पाण्यात शिकारीला येतो. सूर्य मावळताच सामान आवरून घरी निघणारा माणूस नेमकी हीच वेळ गमावतो. नितळ पाण्यात हा नियम अधिकच कडक होतो. झेब्रा शिंपले पाणी गाळून स्वच्छ करतात. मिनेसोटातील मिल लॅक्स तलावात ते २००५ साली आढळले. असे शिंपले पसरलेल्या तलावांत दिवसा उथळ किनाऱ्यावर बसून राहण्यात फारसा अर्थ नसतो. याउलट गढूळ नदीत किंवा चहाच्या रंगाच्या पाण्यात भर दुपारीही मासा लागू शकतो.

याच्याशी जोडलेली दुसरी चूक म्हणजे वारा टाळणे. वारा सुटला की नवखा माणूस शांत, आडोशाच्या किनाऱ्याला जातो, कारण तेथे बसणे सोपे असते. लाटांमुळे मात्र पाण्यात शिरणारा प्रकाश विखुरतो, आणि वारा एकाच दिशेने बराच काळ वाहत राहिला तर सूक्ष्म जीव आणि त्यांच्या मागोमाग लहान मासे त्या किनाऱ्याकडे सरकतात. लाटा आदळणारी खडकाळ कड ही दिवसा वॉलआय शोधण्याची सर्वांत चांगली जागा आहे. अर्थात, मिल लॅक्स आणि ईरी ही दोन्ही उथळ आणि विस्तीर्ण सरोवरे असल्यामुळे तेथे लाटा अतिशय लवकर उंच आणि उभ्या होतात; छोट्या होडीने अशा वेळी आत जाणे धोक्याचे आहे.

गेल्या महिन्यातली जागा धरून बसणे

बर्फ वितळल्यावर पाण्याचे तापमान साधारण ६ ते १० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले की वॉलआय खडी आणि दगडगोट्यांच्या उथळ भागात किंवा नद्यांमध्ये अंडी घालतो. तो घरटे करत नाही आणि अंड्यांची राखणही करत नाही, त्यामुळे काम संपताच तो निघून जातो. मिनेसोटात हंगाम मे महिन्याच्या मध्याला उघडतो, तेव्हा काही मासे अजून त्या परिसरात असतात, पण जूनच्या मध्यानंतर तेच खडक बहुधा रिकामे सापडतात. मासे तोवर पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला, पाण्याखालच्या उंचवट्यांवर किंवा मिल लॅक्ससारख्या तलावात मध्यभागी असलेल्या चिखलाच्या सपाट पट्ट्यांच्या कडांवर गेलेले असतात.

ईरी सरोवरात तर हे स्थलांतर फारच मोठे असते. मार्च-एप्रिलमध्ये मॉमी आणि डेट्रॉइट या नद्यांत आणि पश्चिमेच्या उथळ भागात असलेले अनेक मासे उन्हाळ्यात पूर्वेकडे, मधल्या खोल भागाकडे सरकतात. तेथे आणखी एक गैरसमज आड येतो, तो म्हणजे वॉलआय नेहमी तळाशीच असतो हा. ईरीत तो लहान माशांच्या थव्यांमागे मधल्या पाण्यात तरंगत असतो. तळाला टेकलेले आमिष तेव्हा त्याच्या बरेच खाली राहते, आणि वॉलआय खाली जाण्यापेक्षा वर येऊन आमिष घेणे पसंत करतो. सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, मासे ज्या खोलीवर दिसतील त्याच्या थोडे वर आमिष ओढत न्यावे.

नदीत चुकीचे वजन वापरणे

जिग, म्हणजे शिशाचे डोके असलेला गळ, वापरताना संथ पाण्यात दर १० फूट खोलीला सुमारे साडेतीन ग्रॅम वजन हा ढोबळ हिशेब पुरतो. डेट्रॉइट नदीच्या जोरदार प्रवाहात मात्र १८ ते २८ ग्रॅमचा जिग लागतो. तेथे होडी इलेक्ट्रिक मोटरने प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यावी लागते, म्हणजे दोरी सरळ उभी राहते. दोरी तिरकी झाली की जिग तळापासून उचलला जातो, आणि तळ कळत नसेल तर मासाही कळत नाही. जिग टेकताना दोरी क्षणभर सैल पडली पाहिजे. पुन्हा हलकेच वीतभर उचलावा आणि ताण ठेवून खाली सोडावा. बहुतेक वेळा मासा जिग खाली जात असतानाच घेतो आणि हाताला फक्त एक बारीक ‘टक’ जाणवते किंवा दोरी अपेक्षेपेक्षा आधीच सैल पडते. त्याच क्षणी हिसका द्यावा.

जागेबद्दल सांगायचे तर नदीच्या मुख्य धारेत वॉलआय आपली शक्ती वाया घालवत नाही. वेगवान आणि संथ पाणी जेथे भिडते ती रेषा, धरणाखालचे भोवरे आणि मिसिसिपीच्या वरच्या भागात प्रवाहाला आडवे घातलेले दगडी बांध तपासावेत. या बांधांमागे, संथ पाण्यातच गळ टाकण्याची सवय अनेकांना असते, परंतु भुकेला मासा बऱ्याचदा प्रवाहाला तोंड देणाऱ्या पुढच्या उतारावर असतो.

झटका लागतो, पण मासा सुटतो

गांडूळ किंवा जळू सरकत्या शिशाच्या मांडणीवर, म्हणजे शिशाचे वजन दोरीवर मोकळे सरकते अशा गळावर, लावली असेल, तर घाईने हिसका देऊ नये. मासा लागताच थोडी दोरी सोडावी, काही क्षण थांबावे, ढिली दोरी गुंडाळून वजन जाणवल्यावर मग छडी ओढावी. जिगवर मिनो या छोट्या माशाची फक्त शेपटीच पुन्हापुन्हा तुटून येत असेल, तर मागे एक छोटा तीन टोकांचा गळ जोडावा. पाणी थंड असताना वेग निम्मा करण्याचा उपायही अनेकदा पुरतो.

खोल पाण्यातला मासा परत सोडणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. वॉलआयला आपल्या हवेच्या पिशवीतील वायू झटकन बाहेर टाकता येत नाही. ३० फुटांपेक्षा खोल पाण्यातून त्याला वर ओढले की ती पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर डोकावते. असा मासा पोहत गेल्यासारखा दिसला तरी तो अनेकदा मरतो. पकडून सोडायचेच असेल तर उथळ पाण्यात मासेमारी करावी, आणि खाण्यापुरते मासे मिळाले की खोल पाण्यातला गळ थांबवावा. किती आणि कोणत्या मापाचे मासे ठेवता येतात हे तलावागणिक बदलते; मिल लॅक्सचे नियम तर बाकी राज्यापेक्षा वेगळे असतात आणि वेळोवेळी बदलतात. म्हणून होडी पाण्यात घालण्यापूर्वी त्या तलावाचे चालू नियम वाचावेत.