मोसमाअखेरचे फुटबॉल पुरस्कार: चिठ्ठी, बेरीज आणि बरोबरीचा नियम

लीग संपत आली की करंडकाचं दुकान गाठायची सगळ्यांना घाई असते. मतं कोण देणार, कशी मोजणार, हे मात्र आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर ठरतं. भांडणं तिथूनच सुरू होतात. खाली दिलेली पद्धत फिफाच्या (जागतिक फुटबॉल महासंघाच्या) 'द बेस्ट' या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या मतमोजणीवरून घेतली आहे. सोलापुरातल्या आठ संघांच्या लीगसाठी ती बेतली आहे: प्रत्येक संघाचे सात सामने, एकूण २८.

आधी तारखा

पुरस्कार कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंतच्या खेळासाठी आहे, हे लीगच्या नियमपत्रकातच छापा. फिफाने २०२३ च्या पुरुष खेळाडूच्या पुरस्कारासाठी १९ डिसेंबर २०२२ ते २० ऑगस्ट २०२३ हा काळ धरला होता. विश्वचषकाची अंतिम लढत १८ डिसेंबरला झाली, म्हणजे ती एका दिवसाने बाहेर राहिली. तरीही अर्जेंटिनाचा मेस्सी जिंकला आणि 'विश्वचषकाच्या जोरावर मिळाला' असं लोक म्हणत राहिले. तारीख छापलेली असली की अशा वेळी निदान कागद पुढे करता येतो. आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेमुळे जानेवारीत लीगला खंड पडत असेल, तर दोन्ही तुकडे एकाच मोसमात धरायचे की नाही, तेही लिहा.

मतदानाची मुदत एकदा जाहीर केली की हलवू नका. २०१३ च्या फिफा बॅलन डी'ऑरची (हाही सर्वोत्तम खेळाडूचाच पुरस्कार) मुदत १५ नोव्हेंबरवरून २९ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. त्या मधल्या दिवसांत रोनाल्डोने स्वीडनविरुद्ध हॅटट्रिक केली आणि पुरस्कार त्यालाच मिळाला. तिसऱ्या आलेल्या रिबेरीची नाराजी पुढे कित्येक वर्षं टिकली. मतं कमी आली तर कमी मतांवर निकाल लावा.

नामांकन सामन्यागणिक

शेवटच्या आठवड्यात नावं सुचवायला सांगितलं, तर अंतिम सामन्यात गोल मारणारा पोरगाच सगळ्यांना आठवतो. पहिल्या चार सामन्यांत मधली फळी ज्याने सांभाळली, तो विसरला जातो. म्हणून प्रत्येक सामन्यानंतर, मैदान सोडण्याआधी, दोन्ही प्रशिक्षकांकडून समोरच्या संघातल्या दोन चांगल्या खेळाडूंची नावं चिठ्ठीवर घ्या. पहिल्याला २ गुण, दुसऱ्याला १. आपल्या पोराचं कौतुक कोणीही करतो, समोरच्याचं नाव लिहिताना मात्र माणूस विचार करतो.

२८ सामन्यांच्या ५६ चिठ्ठ्या होतात, म्हणजे एकूण गुण १६८ यायलाच हवेत. १६५ आले तर एक चिठ्ठी कुठेतरी राहिली आहे, ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. सातपैकी किमान पाच सामन्यांत उतरलेल्यांतून वरचे पाच निवडा, पण एका संघाचे दोघांपेक्षा जास्त नकोत. त्याचं कारण पुढच्या नियमात आहे.

मतदार आणि मतपत्रिका

फिफात चार गट असतात: राष्ट्रीय संघांचे कर्णधार, प्रशिक्षक, प्रत्येक देशाचा एक पत्रकार आणि चाहते. प्रत्येक गटाचं वजन २५ टक्के. आपल्याकडे पत्रकारांच्या जागी पंच घ्या, तेही किमान सहा सामने सांभाळलेले. पहिल्या तीन गटांतला प्रत्येक मतदार तीन नावं लिहितो: पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १ गुण.

कर्णधार आणि प्रशिक्षकाने स्वतःच्या संघाचं नाव लिहायचं नाही. फिफाच्या दोनशेहून जास्त देशांत एका घरच्या मताने फारसं काही हलत नाही. आठांच्या गटात तेच मत आठवा हिस्सा असतं. आता वरची दोघांची मर्यादा का, ते पाहा. पाच नामांकितांतले तिघे एकाच संघाचे असले, तर त्यांच्या कर्णधारापुढे दोनच नावं उरतात, तिसरा रकाना रिकामा जातो आणि बेरीज जुळत नाही.

मतपत्रिका ए-फोर कागदाच्या अर्ध्या आकाराची पुरे. पाचही नावं आणि जर्सी क्रमांक आधीच छापा, मतदाराने नावासमोर फक्त ५, ३, १ लिहायचे. मोकळ्या जागेत नाव लिहायला लावलं, तर 'अकरा नंबरवाला' असं लिहून येतं आणि अकरा नंबर आठही संघांत असतो. वर निकष क्रमाने छापा. बॅलन डी'ऑरचा २०२२ पासूनचा क्रम उचलायला हरकत नाही: आधी वैयक्तिक खेळ, मग संघाचं यश, मग खिलाडूवृत्ती. सूचना मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही द्या. शहराचा पूर्व भाग असो की पश्चिम, कोणालाच शेजाऱ्याला विचारून मत द्यावं लागू नये.

खाली दोन सह्या: मतदाराची आणि संघाच्या सचिवाची. हा देखावा नाही. २०१९ च्या 'द बेस्ट'मध्ये इजिप्तच्या कर्णधाराची आणि प्रशिक्षकाची मतं मोजलीच गेली नाहीत. सह्या कॅपिटल अक्षरांत होत्या म्हणून त्या खऱ्या वाटल्या नाहीत, शिवाय तिथल्या फुटबॉल संघटनेच्या महासचिवाची सही नव्हती, असं फिफाने सांगितलं. त्याच वर्षी निकाराग्वाच्या कर्णधाराने 'मी मतच दिलं नाही' असं म्हटलं, तर फिफाने सहीचा कागद दाखवला. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला नोंदणी अर्जावर सहीचा नमुना घेऊन ठेवा आणि मतपत्रिका हातात घेताना तिथेच ताडून पाहा. मुदत संपल्यावर चूक सापडली, तर मत बाद करण्याखेरीज इलाज नसतो.

चाहत्यांचं मत मोबाइलच्या लिंकवर घेतलं, तर ती लिंक नातेवाइकांच्या ग्रुपांत फिरते आणि ज्याचं गोत मोठं तो पुढे जातो. त्याऐवजी शेवटच्या तीन सामन्यांच्या दिवशी मैदानावर क्रमांक छापलेलं कूपन द्या, एकाला एकच. एका कूपनवर एकच नाव. कूपन वाटताना आणि पेटीतून काढताना संख्या लिहा. पेटीत वाटल्यापेक्षा जास्त निघाली, तर त्या दिवसाची पेटी बाजूला ठेवा.

बेरीज

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चारही गटांची कच्ची मतं एकत्र मिळवू नका. चाहत्यांची चारशे कूपनं आणि कर्णधारांचे बहात्तर गुण एकाच बेरजेत टाकले, की कर्णधारांना विचारलं काय न विचारलं काय, सारखंच.

प्रत्येक गट वेगळा मोजा. आठ कर्णधार गुणिले नऊ, म्हणजे ७२ गुण आलेच पाहिजेत. समजा पाच नामांकितांना २६, १९, १४, ९ आणि ४ मिळाले. बेरीज ७२, ठीक. आता हे आकडे बाजूला ठेवा आणि फक्त क्रमांक पाहा: पहिल्याला १३, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ९, पुढे ८ आणि ७. चारही गटांत असंच करून हे गुण मिळवायचे. चाहत्यांत कोणी तिप्पट मतांनी पुढे असला, तरी दुसऱ्यापेक्षा त्याला दोनच गुण जास्त मिळतात. एका गटात दोघांचे कच्चे गुण सारखे आले, तर दोघांना वरच्या क्रमांकाचे गुण द्या आणि पुढचा क्रमांक सोडा.

मोजणी दोघांनी स्वतंत्र कागदांवर करावी, तिसऱ्याने जुळवावी. नामांकित खेळाडूच्या संघाचा माणूस या तिघांत नको.

बरोबरी

क्रमांकाच्या गुणांमुळे बरोबरी वरचेवर होते. २०२३ मध्ये मेस्सीला कर्णधार आणि चाहत्यांच्या गटांत १३-१३, प्रशिक्षक आणि पत्रकारांच्या गटांत ११-११ मिळाले. नॉर्वेच्या हालांडचं नेमकं उलटं झालं. दोघांचे ४८. कर्णधारांनी पहिली पसंती जास्त वेळा कोणाला दिली यावर निकाल लागला आणि मेस्सी जिंकला. हा नियम आधीच लिहिलेला होता म्हणून तो चालला. तुम्हीही लिहून ठेवा: आधी कर्णधारांचे '५' मोजायचे, तेही सारखे असले तर प्रशिक्षकांचे, मग पंचांचे, आणि तरीही बरोबरी राहिली तर पुरस्कार दोघांना. नाणेफेक नको. सात सामन्यांची मेहनत नाण्यावर सोडल्याचं कोणालाच पटत नाही.

गोलरक्षक आणि प्रशिक्षक

गोलरक्षकाचा पुरस्कार वेगळाच ठेवा. १९५६ पासून चाललेल्या बॅलन डी'ऑरमध्ये तो मान एकाच गोलरक्षकाला मिळाला, १९६३ मध्ये लेव्ह याशिनला. आठ संघांतून आठच गोलरक्षक, त्यामुळे नामांकनाची गरज नाही, थेट मतदान घ्या.

प्रशिक्षकाच्या पुरस्कारात विजेत्या संघाचा प्रशिक्षक आपोआप जिंकतो. करंडक त्याला मिळालेलाच असतो, हा दुसरा कशाला? इंग्लंडच्या लेस्टर क्लबला अनपेक्षित विजेतेपद मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक रानिएरीला २०१६ चा 'द बेस्ट' मिळाला, तसा हिशेब आपल्याला हवा. मोसम सुरू होण्याआधी आठही प्रशिक्षकांकडून संघांचा अंदाजे क्रम लिहून घ्या आणि पाकीट बंद करा. मतदानाच्या वेळी ते उघडून अंदाजी सरासरी क्रमांक आणि प्रत्यक्ष क्रमांक मतपत्रिकेवर शेजारी-शेजारी छापा. शिवाय पिवळी आणि लाल कार्डं किती, हेही. सातव्याचा तिसरा झालेला संघ त्या कागदावर लगेच डोळ्यात भरतो.

मुलींचे दोन-तीनच संघ असतील, तर हे मतदान त्यांच्यावर लादू नका. मतदारच पुरेसे नसतात. सामन्यागणिक चिठ्ठ्यांच्या गुणांवरच निवड करा, पण पुरस्कार आणि करंडक मुलांच्याच मापाचा ठेवा.

करंडक आणि समारंभ

करंडकावर आधी फक्त पुरस्काराचं नाव आणि वर्ष कोरून घ्या. नावाची पट्टी दुसऱ्या दिवशी बसवा, नाहीतर निकाल कोरणाऱ्याच्या दुकानातूनच फुटतो. नावाचं लेखन खेळाडूच्या हातचं घ्या. तेलुगू आडनावांतला 'ल्ल' आणि 'प्प' ऐकून लिहिला की हमखास चुकतो. शाल-श्रीफळाऐवजी सोलापुरी चादर द्या. शाल कपाटात जाते, चादर रोज अंगावर येते.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेसहाच्या आत कार्यक्रम ठेवू नका, तापलेल्या मांडवात पोरं थांबत नाहीत. भाषणं पुरस्कारांच्या मध्ये पेरा, मोठा पुरस्कार शेवटी. त्याच रात्री कोणत्या कर्णधाराने आणि प्रशिक्षकाने कोणाला किती गुण दिले, याचा पूर्ण तक्ता मैदानाच्या फलकावर लावा. फिफाही तो जाहीर करते. हरकतींना तीन दिवस द्या, लेखी आणि सचिवाच्या सहीनेच. तोवर चिठ्ठ्या आणि कूपनं लाखबंद पाकिटात ठेवा.