नागपुरात शिडाची डिंगी: जोडणी, सुरक्षित फेरी आणि उन्हाळ्यातली निगा

मुंबईची मंडळी होडीच्या निगेबद्दल बोलू लागली की पहिला शब्द मिठाचा निघतो. शॅकल, म्हणजे पिनेच्या जोडकड्या, गंजतात, कप्प्या अडकतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर होडी गोड्या पाण्याने धुवा, असं ते सांगतात. नागपूरकराला ही कटकट नाही. अंबाझरी तलाव असो की रामटेकजवळचं खिंडशी, पाणी गोडंच. पण आपल्याकडची डिंगी पाण्यात असते त्याच्या कितीतरी पट वेळ काठावर उन्हात पडून असते. मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन शिडाचं कापड, दोर, रबराची झाकणं आणि होडीच्या पोटातले हवाबंद कप्पे यांचं जे करतं, ते मिठाला जमणार नाही. म्हणून समुद्रकाठच्या सूचना इथे जशाच्या तशा वापरू नयेत.

पुढचं सगळं दोन माणसांच्या, दोन शिडांच्या डिंगीला, म्हणजे छोट्या उघड्या होडीला, धरून लिहिलं आहे. 4.04 मीटर लांबीची एंटरप्राइझ ही त्यातली नमुनेदार होडी. लेझर नावाच्या होडीला एकच शीड असतं, डोलकाठी दोन तुकड्यांची असते आणि तिला ताणाच्या तारा नसतात. शिडाची बाही डोलकाठीवर मोज्यासारखी चढवायची की झालं. मुलांची ऑप्टिमिस्ट 2.3 मीटरची, तिचं शीड छोट्या दोऱ्यांनी डोलकाठीला बांधतात. या दोन्हींत जोडणी सोपी, पण तपासणी आणि पाण्यावरचे नियम तेच.

डोलकाठी आडवी असतानाच

डोलकाठी एकदा उभी राहिली की तिच्या टोकाची पिन बघायला कोणी वर चढत नाही. त्यामुळे ती स्टँडवर आडवी असताना दहा मिनिटं द्या. बाजूच्या दोन तारा आणि पुढची एक, या तिन्हींवरून कापसाचा बोळा हळूच फिरवा. कुठे कापूस अडकला तर तिथे तारेतला एक बारीक धागा तुटलेला आहे. एकच तर तुटलाय, असं म्हणून ती तार चालवू नये, ती बदलायचीच. नुसत्या बोटांनी तपासायला गेलात तर तोच धागा बोटात घुसतो. तार जिथे टोकाच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे तपकिरी डाग किंवा बारीक चीर दिसते का, तेही बघा. तारा बहुतेक तिथेच दगा देतात.

मग पिना. प्रत्येक पिनेला रिंग आहे ना आणि ती पूर्ण बसली आहे ना, हे पाहून वरून चिकटपट्टीचा एक वेढा द्या. शिडाचा दोर फडफडताना उघड्या रिंगेत अडकतो आणि तिला अलगद सोडवून घेतो.

नागपुरात शिडाच्या होडीचं सामान विकणारं दुकान शोधण्यापेक्षा लोक इतवारीत लोहाओळीत जातात. तिथे शॅकल मिळतात, पण नुसतं ‘स्टील’ म्हणून घेऊ नका. मुलामा दिलेलं साधं लोखंड गोड्या पाण्यातही गंजतं. 316 दर्जाचं स्टेनलेस मागा, निदान 304. दोराचंही तसंच. ट्रक बांधायचा पिवळा प्लास्टिकचा दोर स्वस्त असतो आणि तरंगतो, पण उन्हात त्याचा भुगा होतो. नायलॉन ताणलं जातं, म्हणून शीड वर चढवायच्या दोराला ते चालत नाही, शीड हळूहळू खाली सरकतं. पॉलिएस्टर घ्या: मेनशीटला, म्हणजे मोठं शीड आवरायला हातात धरायच्या दोराला, 8 मिलिमीटर, बाकी दोरांना 5 किंवा 6. यापेक्षा बारीक दोर तळहात कापतो. कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करा.

आता आमच्या भागातली एक खास तपासणी. पोकळ डोलकाठी, बूम (मोठ्या शिडाच्या खालची आडवी काठी) आणि पाणी निघायची भोकं यांत कुंभारीण माशी मातीचं घर करते. महिनाभर होडी पडून असेल तर हे घर असणारच असं धरून चाला. शिडाची कडा खाचेत निम्मी चढून अडकली की बहुतेकांना आधी दोर गुंतल्याचा संशय येतो, आणि खाचेत सापडतो तो सुकलेला चिखल. बूमच्या टोकात गांधीलमाश्याही बसतात, म्हणून आत बोट घालण्याआधी काठीने ठोकून बघा.

उभी करताना

पहिली गोष्ट, वर बघा. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते आणि तलावाकाठच्या रस्त्यांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. जागा मोकळी असेल तिथेच ती उभी करा, आणि उभ्या डोलकाठीसह होडी ट्रॉलीवरून नेताना एका माणसाने दुसरं काहीच न करता फक्त वर लक्ष ठेवावं. नाव चालवताना बुडण्याची भीती सगळ्यांना असते. या तारांची आठवण मात्र कोणालाच नसते.

दोघं लागतात. एकाने बुंधा खाचेत बसवून डोलकाठी छातीशी घट्ट धरायची, दुसऱ्याने पुढची तार ओढून पिन लावायची. बाजूच्या तारा आधीच जोडलेल्या असाव्यात. तिन्ही पिना आणि रिंगा लागेपर्यंत धरणाऱ्याने हात सोडायचा नाही.

शिडं चढवण्याचा क्रम

होडीचं नाक वाऱ्याकडे करा. वारा कळत नसेल तर दोरीला सुताचा तुकडा बांधून बघा. नाक वाऱ्याकडे असेल तर शीड नुसतं फडफडतं. होडी आडवी असेल तर ते भरतं आणि ट्रॉलीवरची होडी तिथल्या तिथे कलंडते.

आधी जिब, म्हणजे पुढचं लहान शीड. खालचा कोपरा नाकाशी शॅकलने, मग पुढची कडा तारेला, मग वरचा कोपरा दोराला. मागच्या कोपऱ्याचे दोन्ही दोर आपापल्या बाजूच्या कड्यातून ओवून टोकाला इंग्रजी आठसारखी गाठ मारा, म्हणजे ते निसटत नाहीत. जिब ताणून चढवा. पुढची तार थोडी सैल वाटू लागली तरी घाबरू नका, आता भार जिबच्या तारेवर आला आहे.

मग मोठं शीड. शिडाच्या खिशांत ताठ पट्ट्या घाला, खालची कडा बूमच्या खाचेत, मागचा कोपरा आउटहॉल नावाच्या दोराने बूमच्या टोकाकडे ओढून बांधा. वरचा कोपरा दोराला लावण्याआधी एकदा नजर वरपर्यंत न्या. दोर तारेला पिळा घालून गेलेला असेल तर शीड अर्ध्यात थांबतं आणि खालीही येत नाही. एकाने कडा खाचेत भरवायची, दुसऱ्याने ओढायचं. या सगळ्या वेळात मेनशीट पूर्ण सैल हवी. बूम डोक्याच्या उंचीवर फिरते, हे नवख्या माणसाला शब्दांत सांगा. नाहीतर ते त्याला बूमच शिकवते. शीड वर पोचलं की दोर क्लीटला (दोर अडकवायच्या पकडीला) पक्का करा आणि मगच बूम खाली ओढणारा व्हँग ताणा.

सुकाणू पाण्यात शिरल्यावर लावलं तरी चालतं, पण त्याची खिट्टी लागल्याचा टक् आवाज ऐका. खिट्टी नसेल तर होडी उलटल्यावर सुकाणू सरळ तळाशी जातं. सेंटरबोर्डला, म्हणजे होडीच्या पोटातून पाण्यात उतरणाऱ्या फळीला, आवरणारा रबरी दोर शाबूत असावा, नाहीतर उलट्या होडीत तो आत घसरतो आणि तेव्हा तुम्हाला पकडायला काहीच उरत नाही.

शेवटी बुचं. मागच्या बाजूची, हवेच्या कप्प्यांची, झाकणांची, सगळी हाताने फिरवून बघा. बादली, एक वल्हं, नाकाला बांधलेला लांब दोर, शिटी आणि चाकू होडीत हवेत, आणि बादली व वल्हं दोरीने बांधलेलं हवं.

जॅकेट, वारा आणि वीज

पोहता येणाऱ्यासाठी, शेजारी मदतीची बोट असताना, 50 न्यूटन तरंगशक्तीचं जॅकेट पुरतं. त्यात हालचाल मोकळी राहते. पोहता न येणाऱ्याला 100 किंवा त्याहून जास्त. मापाचं घ्या: खांद्याला धरून वर ओढलं तर ते कानापर्यंत येता कामा नये. बाजारात मिळणारी नारिंगी फुगवलेली गोष्ट प्रत्येक वेळी जॅकेट असतेच असं नाही. आतलं लेबल वाचा.

नवशिक्यांनी 10 नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण 19 किलोमीटरच्या, वर जाऊ नये. समुद्रावर पांढऱ्या लाटा बघून वारा ओळखतात, लहान तलावावर हे फसवं आहे. लाट उठायला लागणारी लांबीच मिळत नाही, म्हणून पाणी शांत दिसतं आणि वारा मात्र जोराचा असतो. बांध, झाडं आणि उंच इमारती यांच्या आडून तो झोताझोताने येतो. म्हणून मेनशीट हातात ठेवायची, क्लीटमध्ये अडकवून निवांत बसायचं नाही. झोत आला की सोडा, एवढंच.

एप्रिल ते जून दुपारनंतर वळवाचं वादळ कधीही उठतं. आधी धूळ, मग वारा, मग विजा, आणि या तिन्हींत फार वेळ जात नाही. तलावावर सगळ्यांत उंच वस्तू तुमची डोलकाठी. गडगडाट ऐकू आला की काठावर या, डोलकाठीपासून लांब जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या, आणि निघण्याआधी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज बघा.

पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्याकडे फिरकू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडला तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. एवढा पूर नसला तरी सांडव्याकडे ओढ असतेच, आणि वारा पडला तर शिडाच्या होडीला तिच्याविरुद्ध जाता येत नाही. तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी असेल तिथेच होडी उतरवायची, हे वेगळं सांगायला नको. जलपर्णी दिसली की वळा. तिची मुळं सेंटरबोर्डला आणि सुकाणूला गुंडाळतात आणि होडी जागच्या जागी थांबते. अडकलातच तर दोन्ही वर उचला आणि वल्ह्याने मागे या.

उलटली तर

डिंगी उलटतेच. म्हणून पहिल्या दिवशी, उथळ पाण्यात, मदतीची बोट जवळ ठेवून मुद्दाम उलटवा.

होडी सोडून पोहत निघू नका. तरंगणारी होडी लांबून दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही. दोघं असाल तर काम वाटून घ्या. एकाने मेनशीटचं टोक धरून मागून फिरून सेंटरबोर्डकडे जायचं. दुसऱ्याने मेनशीट सैल असल्याची खात्री करून, आडव्या होडीच्या आत अंग पाण्यावर पसरून राहायचं आणि वरच्या बाजूचा जिबचा दोर पलीकडे टाकायचा. पहिला बोर्डवर चढतो, तो दोर धरून मागे झुकतो आणि होडी उठते. उठताना आतल्या माणसाला आपोआप घेऊन येते. मग आतला पलीकडच्याला आत ओढतो आणि बादलीने पाणी काढतो. होडी वाऱ्याकडे नाक करून उठली तर छान. नाहीतर ती लगेच दुसऱ्या बाजूला कलंडू शकते.

आपल्या तलावांच्या तळाशी गाळ आहे. होडी पूर्ण पालथी झाली तर डोलकाठी चिखलात रुतू शकते. डोलकाठीच्या टोकाला फोमचा तरंग बांधला तर होडी पालथी होणं बरंचसं टळतं. शिकाऊ होडीला तो असायलाच हवा. रुतलीच तर जोर लावू नका, डोलकाठी वाकते. वर चढून बसा आणि बोटीची वाट बघा.

परत आल्यावर

शीड काठावर फडफडत ठेवून गप्पा मारत बसण्याने ते जितकं झिजतं तितकं चालवण्याने झिजत नाही. लगेच उतरवा, सावलीत वाळवा, घडी रोज वेगळ्या रेषेवर घाला किंवा गुंडाळा. मळलं तर कोमट पाणी आणि सौम्य साबण. वॉशिंग मशीन नाही, इस्त्री नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टीच असते. तसंच गच्चीवरही नको.

होडीची सगळी बुचं आणि झाकणं उघडी ठेवून द्या. हवाबंद कप्प्यातली हवा दुपारी तापून फुगते, रात्री आकसते. कोंडलेली राहिली तर सांधे उसवतात. मग पुढच्या फेरीला कप्प्यात पाणी शिरतं आणि कारण शोधत बसावं लागतं. आच्छादन जाड कापडी घ्या, खालून हवा खेळू द्या. पावसाळ्यात होडी पालथी ठेवा किंवा नाक उंच करून बूच काढून ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि शेजारी तक्रार करतात, ती बरोबरच असते.

फायबरला तडा गेला तर आधी तो कोरडा करा, नीट घासा, मग काचतंतूंची चटई आणि रेझिन. इथे एक गोष्ट जीवावरची आहे. दुकानदार रेझिनबरोबर जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसणारं हार्डनर अशा दोन बाटल्या देतो. हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मग वेगळ्या चमच्याने हार्डनर, 1 ते 2 टक्के. डोळ्यांवर चष्मा हवाच, हार्डनरचा एक थेंब डोळा घालवू शकतो. उन्हाळ्यात कमी हार्डनर घ्या आणि सकाळी सहा-सातला काम उरका, नाहीतर रेझिन डब्यातच दगड होतं.

एप्रिल उजाडला की डोलकाठी उतरवून ठेवा आणि होडी दोन्ही बाजूंनी जमिनीतल्या खुंट्यांना बांधा. आच्छादनाचे दोर होडीच्या खालून घ्या, वरून नाही, कारण वादळात आच्छादनासकट रिकामी डिंगी सहज उचलली जाते.