मोदकासाठी वेलदोड्याची पूड घरी कशी करायची (आणि सोलता सोलता नावाची गोष्ट)

एका वर्षी गणपतीला घाईघाईत तयार वेलची पूड आणली, 21 मोदकांच्या सारणात अख्खी पुडी ओतली तरी वास म्हणून नाही, नुसते काळे ठिपके. तेव्हापासून आमच्याकडे गुहागरला पूड घरीच होते, दहा मिनिटांचं काम आहे.

आधी घेताना बघा. हिरवे, टपोरे, टोकं न फुटलेले दोडे घ्यायचे आणि दुकानातच एक फोडायचा, दुकानदार बघेल तर बघू दे. आत तीन कप्पे असतात, त्यात काळपट तपकिरी, जराशा चिकट बिया. एक चावली की आधी तिखट आणि मग गार लागली पाहिजे (निलगिरीच्या तेलात असतं ते सिनिओल यातही असतं, म्हणून). बिया फिक्या, सुरकुतलेल्या निघाल्या तर दोडा कोवळाच तोडलाय, सोडून द्या.

आपल्याकडे भाद्रपदात मीठसुद्धा पाणी धरतं, मग वेलदोडे सादळणारच. तवा गरम करा, गॅस बंद करा, मग त्यावर अर्धा मिनिट टाका. भाजायचे नाहीत हां, सालं कुरकुरीत झाली की बास.

आता सोला. एका नारळाच्या सारणाला 5-6 पुरतात. सोलता सोलता सांगते, वेलदोडा हा वेल नाहीच, आलं-हळदीच्या कुळातलं झाड आहे, म्हणजे हळदीच्या पानात पातोळ्या उकडतो तेव्हा आत-बाहेर एकच घराणं! संस्कृतात एला, कन्नडात एलक्की, मल्याळीत एलम. शास्त्रीय नावातलं एलेटेरिया पण मल्याळी एलत्तरीवरून आलंय, ‘अरी’ म्हणजे दाणा. इंग्रजी कार्डमम मात्र ग्रीकातून आलंय, आणि त्यातलं ‘कार्डामोन’ म्हणजे चक्क आपला हळीव! त्याला ‘अमोमोन’ नावाच्या दुसऱ्या एका मसाल्याचं नाव जोडलं. हळिवाचा आणि वेलदोड्याचा संबंध माझ्या मते लाडवापुरताच, पण ग्रीकांना कोण सांगणार.

बिया खलबत्त्यात घ्या, चमचाभर साखर घाला आणि कुटा. साखरेच्या खड्यांनी बिया पटकन बारीक होतात, नुसत्या कुटल्या तर उडतात. एवढ्याशा बिया मिक्सरमध्ये टाकू नका, झाकणाला चिकटून बसतात. सालं मोदकाला नकोत, दातात येतात, ती चहा पावडरच्या डब्यात टाकायची.

आणि पूड घालायची कधी, तर गूळ-खोबरं शिजून गॅस बंद केल्यावर. वास तेलात असतो आणि ते तेल उडून जातं, कढईत आधीच घातलीत तर घरभर घमघमाट आणि मोदकात काही नाही. आमच्याकडे जायफळ पण किसतात, मी चिमूटभरच घेते, जास्त झालं तर वेलदोडा कळतच नाही.

उरलेले दोडे अख्खेच ठेवा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, आणि बरणी शेगडीच्या वरच्या फळीवर नको.